टूलकिटचा नेटिव्ह थर कशात लिहायचा? जेएनआय, जेएनए की पनामा

खिडकीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही तिघं मिळून पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, सगळं जावात, सगळे स्क्रीन मराठीत. यूआय स्विंगवर (जावाची, कंट्रोल स्वतःच रंगवणारी लायब्ररी) आहे पण स्क्रीन थेट स्विंगला हात लावत नाहीत, मधे आमचीच एक छोटी लायब्ररी आहे, तिच्यात खिडकी, बटण, टेक्स्टबॉक्स, कॉम्बो, टेबल, मेनू असे मोजून तेरा कंट्रोल आणि जवळजवळ चारशे स्क्रीन तिच्या जिवावर उभे आहेत. आता ठरलंय असं की लायब्ररीचं वरचं तोंड तसंच ठेवायचं आणि खालून स्विंग काढून त्या त्या ओएसचे खरे कंट्रोल लावायचे, म्हणजे विंडोजवर विन३२, लिनक्सवर जीटीके, मॅकवर कोको.

का, तर एका पतसंस्थेत काउंटरवर एक दृष्टिहीन कारकून आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. स्विंगसाठी जावा ॲक्सेस ब्रिज चालू करावा लागतो, तो केला की बरंचसं बोलतं पण आमचं टेबल धड बोलत नाही, आमच्याच सेल रेंडररचा घोळ असेल, नाही म्हणत नाही. पण विंडोजचं साधं लिस्टव्ह्यू काहीही न करता नीट बोलतं हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

तर जावातून त्या कंट्रोलपर्यंत जायचे, म्हणजे ओएसची फंक्शनं बोलवायचे, तीन रस्ते दिसतात, जेएनआय, जेएनए आणि पनामा, त्यातला कुठला धरू? जेएनआय म्हणजे सी लिहिणं आलं आणि आमचं सी कॉलेजात राहिलंय. जेएनए आम्ही प्रिंटरच्या एका कामासाठी आधीच वापरतो, सोपं आहे, पण यूआयला हळू पडेल असं सगळे म्हणतात. पनामाबद्दल वाचलंय फक्त. जावाचा रनटाइम आम्हीच जेपॅकेजने सोबत देतो त्यामुळे व्हर्जनची अडचण नाही.

आणि एसडब्ल्यूटी, म्हणजे ओएसचेच कंट्रोल वापरणारी एक्लिप्सची तयार लायब्ररी, का नाही हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आमच्या स्क्रीनमध्ये कंट्रोल आधी बनतो आणि मग पॅनलमध्ये टाकला जातो. एसडब्ल्यूटीला कन्स्ट्रक्टरमध्येच पेरेंट, म्हणजे ज्यात बसायचं ती खिडकी किंवा पॅनल, लागतो. चारशे स्क्रीन कोण बदलणार?

जुनं_खोड

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण घोडं तिथंच पेंड खातंय. एसडब्ल्यूटीने कन्स्ट्रक्टरमध्ये पेरेंट मागितला तो काही हौस म्हणून नाही. विन३२ मध्ये चाइल्ड विंडो जन्माला येतानाच आईबाप विचारते, नंतर दत्तक देता येतं पण त्यात स्टाइलच्या भानगडी असतात. म्हणजे उद्या तुम्ही स्वतः सगळं लिहिलंत तरी हीच ठेच लागणार आहे. उपाय जुना आहे. १९९६ च्या पहिल्या जावातलं यूआयचं टूलकिट एडब्ल्यूटी हेच करायचं, जावाचं ऑब्जेक्ट आधी बनतं, खालचा ओएसचा खरा कंट्रोल, म्हणजे पीअर, मात्र ॲडनोटिफाय (खिडकीत टाकल्याचा निरोप) येईपर्यंत बनतच नाही, तोवर मजकूर, रंग, साइज सगळं जावाच्या बाजूला साठवून ठेवायचं आणि पीअर आला की एकदम ओतायचं. हे तुम्हाला करावंच लागेल. आणि एकदा केलंत की तुमच्या लायब्ररीखाली एसडब्ल्यूटीसुद्धा आरामात बसतं, तेव्हा ते कारण काही मला पटलं नाही.

तरी प्रश्न विचारलाय तर उत्तर देतो, मी एक्लिप्सवर आधारलेल्या एका प्रॉडक्टवर बरीच वर्षं काढलीत आणि त्या निमित्ताने एसडब्ल्यूटीच्या पोटात हात घालून झालाय. तिथला नेटिव्ह थर जेएनआयच आहे पण त्यातली गंमत अशी की त्या सी कोडमध्ये डोकं जवळजवळ नाहीच. जावात ओएस नावाचा एक क्लास, त्यात विन३२ किंवा जीटीकेच्या एका फंक्शनला एक नेटिव्ह मेथड, नावसुद्धा तेच, आणि त्याचा सी कोड हाताने लिहीत नाहीत, त्यांचं एक जनरेटर टूल आहे ते मेथडवरच्या कॉमेंटमधल्या खुणा वाचून लिहितं. कुठला पॅरामीटर फक्त आत जातो, कुठला फक्त बाहेर येतो, कास्ट कशात करायचा, सगळं त्या कॉमेंटमध्ये. सगळं शहाणपण जावात. त्यामुळे बटण चुकीच्या जागी आलं तर डिबगर जावातच लावता येतो.

जेएनआय असो की पनामा, हा नियम मोडू नका, म्हणजे नेटिव्ह थर एकास एक आणि पातळ. मी उलटं केलेलं पण बघितलंय, एका ठिकाणी टेबलचं सगळं लॉजिक सी++ मध्ये लिहून ठेवलेलं, लिहिणारा सोडून गेला आणि मग तीन वर्षं त्या फाइलला कुणी हात लावला नाही, टेबलला नवीन कॉलम हवा असला की गिऱ्हाइकालाच समजावायचे.

आता जेएनआयचा एक खरा फायदा, जो लोक विसरतात. सी कंपायलर हेडर वाचतो. जी_सिग्नल_कनेक्ट हे फंक्शन नाहीच, मॅक्रो आहे, लायब्ररीत शोधलंत तर सापडेल जी_सिग्नल_कनेक्ट_डेटा. सेंडमेसेज पण तसंच, खरी फंक्शनं दोन, एकाच्या शेपटीला ए आणि एकाच्या डब्ल्यू. स्ट्रक्टमध्ये कुठला फील्ड कितव्या बाइटला हे पण कंपायलर बघतो. जेएनए आणि पनामाला यातलं काही दिसत नाही, त्यांना बिचाऱ्यांना फक्त सिम्बॉलचं नाव आणि तुम्ही सांगाल ती सही (पॅरामीटर आणि रिटर्नचे प्रकार) कळते. आणि तुम्ही चुकीची सांगितलीत तर एक्सेप्शन येत नाही, जेव्हीएम आडवा होतो.

आणि हँडल (कंट्रोल ओळखायला ओएसने दिलेला नंबर) कायम लाँगमध्ये ठेवा. हसू नका. एसडब्ल्यूटीचा सगळा जुना सोर्स इंटने भरलेला होता, ६४ बिट आलं तेव्हा प्रत्येक इंटच्या पुढे कॉमेंटमध्ये लाँग लिहून ठेवलं आणि एक टूल ते उलटसुलट करून दोन सोर्स बनवायचं. कित्येक वर्षं तो कोड तसाच वाचावा लागायचा.

चहा_आणि_कंपाइल

हे सगळं ब्राउझरमध्ये का नाही करत? २०२५ उलटून गेलं राव.

खिडकीवाला

दूध संकलनाच्या वजनकाट्याचं सिरियल पोर्ट, पासबुक प्रिंटर, आणि तालुक्याच्या गावचं नेट. सकाळी सहाला रांग लागलेली असते, तिथं चाक फिरतंय म्हणून सांगता येत नाही. पण मुद्दा समजला, विषय तो नाही.

@जुनं_खोड, पेरेंटचं तुम्ही म्हणता ते मान्य, मी तिथं आळस केला विचार करायचा.

नॅनोसेकंद

जेएनआय आता नव्याने कशाला सुरू करायचं हेच मला कळत नाही. पनामाचं फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय जावा २२ मध्ये पक्कं झालं, मार्च २०२४. त्याआधीच्या १९, २०, २१ मध्ये प्रिव्ह्यू होतं. तुम्ही रनटाइम सोबत देताय म्हणजे सरळ २५ घ्या, तो एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट असलेला, आहे. एकच अट, गिऱ्हाइकाकडे ३२ बिट विंडोज असेल तर विसरा, जावा २४ ने ३२ बिट विंडोजचं पोर्टच काढून टाकलं. आणि जेएनआय घेतलंत तरी २४ पासून नेटिव्ह लायब्ररी लोड करताना वॉर्निंग येते, दोघांनाही तोच एनेबल-नेटिव्ह-ॲक्सेसचा फ्लॅग द्यायचाय, त्यामुळे त्या बाबतीत जेएनआय काही सोवळं राहिलेलं नाही.

हळू-फास्टचं थोडं डोक्यातून काढा. जेएनआय आणि पनामाचा एक कॉल काही नॅनोसेकंदांचा असतो, जेएनएचा त्याच्या कितीतरी पट कारण तिथं प्रत्येक कॉलला आर्ग्युमेंट चाचपून लिबएफएफआय मधून जायचं असतं. पण बटणावर टेक्स्ट लावायला जेएनए सुद्धा पुरून उरतो. खरा प्रश्न उलट्या दिशेचा आहे, ओएस जावाला किती वेळा हाक मारते. विन३२ मध्ये माउस नुसता हलवला तरी विंडो प्रोसिजरकडे, म्हणजे खिडकीचे मेसेज घेणाऱ्या फंक्शनकडे, मेसेजची माळ येते, आणि ती प्रोसिजर जावात असेल तर प्रत्येक मेसेजला सीमा ओलांडून यायचं आणि परत जायचं. टेबलमध्ये पाच हजार खातेदार असतील तर लिस्टव्ह्यूला ओनरडेटा स्टाइल लावा, मग तो फक्त समोर दिसणाऱ्या ओळींपुरतंच विचारतो, या सेलमध्ये काय लिहू, त्या सेलमध्ये काय लिहू. पाच हजार ओळी आधीच आत ढकलल्यात तर कुठलाही थर घ्या, रडाल.

पनामात चार ठिकाणी पाय घसरतो, माझा घसरलाय म्हणून सांगतो.

जावात लिहिलेला कॉलबॅक अपकॉल स्टब (ओएसला बोलवता येईल असा पत्ता) म्हणून देता तेव्हा त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं तर जेव्हीएम तिथंच बंद. प्रत्येक अपकॉलमध्ये थ्रोएबल पकडा, लॉग करा, शून्य परत द्या. दुसरं, क्रिटिकल नावाचा ऑप्शन आहे लिंकरचा, कॉल अजून स्वस्त होतो म्हणून मोह होतो, पण त्या फंक्शनने परत जावात हाक मारायची नसते. सेंडमेसेजला तो लावलात तर संपलं, कारण सेंडमेसेज तुमच्याच विंडो प्रोसिजरमधून फिरून येतो. तिसरं, गेटलास्टएरर वेगळा कॉल करून विचारू नका, मधल्या वेळात जेव्हीएमने स्वतः काहीतरी विंडोजला विचारलेलं असतं आणि तुम्हाला त्याची एरर मिळते. कॅप्चरकॉलस्टेट त्यासाठीच आहे. चौथं म्हणजे नेटिव्हकडून आलेला पॉइंटर जावाला शून्य लांबीचा दिसतो, रीइंटरप्रिट करून लांबी सांगावी लागते, ती चुकवली तर दोष तुमचा.

जुनं_खोड यांचा मॅक्रोचा मुद्दा बरोबर आहे पण जेएक्सट्रॅक्ट हेडर वाचून बाइंडिंग बनवून देतं, स्ट्रक्टचे ऑफसेट पण त्यात येतात. जेडीकेसोबत येत नाही, वेगळं उतरवायचं. फक्त विंडोज डॉट एच अख्खी तोंडात घालू नका, एवढा कोड बाहेर येतो की आयडीई गुडघे टेकतं. आधी डम्प-इन्क्लूड्स चालवा, यादीतून लागतात तेवढीच फंक्शनं ठेवा. तेरा कंट्रोलना शंभरेक फंक्शनं पुरतील असा माझा अंदाज. फंक्शनसारखे मॅक्रो मात्र ते देत नाही, तेवढे हाताने.

जुनं_खोड

अहो पण जेएक्सट्रॅक्टने लिनक्सवर बनवलेली बाइंडिंग विंडोजवर चालेल का? लाँगची लांबीच वेगळी, विंडोजवर ३२ बिट आणि लिनक्सवर ६४. म्हणजे प्रत्येक ओएसवर जाऊन चालवायचंच ना. मग सी कंपायलर बसवायला काय हरकत होती?

नॅनोसेकंद

एकदा चालवायचं आणि जावा फाइल रेपोत टाकून द्यायची. तुमचं सी प्रत्येक रिलीजला तीन ओएस गुणिले दोन आर्किटेक्चर बिल्ड करायचं, सही करायची, मॅकवर नोटराइज करायचं. तिघांची टीम आहे हो त्यांची. नाकापेक्षा मोती जड होईल.

मॅकवाली

मॅकचं नाव निघालंय तर बोलते, बाकीचं सगळे सांगतायत.

कोकोला सी मधून हात लावायचा म्हणजे सगळे कॉल एकाच दारातून जातात, ओबीजेसी_एमएसजीसेंड. बटणाचं टायटल बदला, खिडकी उघडा, सगळं तेच फंक्शन, फक्त आर्ग्युमेंट वेगळी. जुन्या हेडरमध्ये ते प्रिंटएफसारखं व्हेरिॲडिक दाखवलेलं असायचं आणि इंटेल मॅकवर लोक तसंच बोलवायचे, बऱ्याचदा चालायचंही. २०२० ला ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि तिथं व्हेरिॲडिक आर्ग्युमेंट स्टॅकवर जातात, साधी मात्र रजिस्टरमध्ये. म्हणजे तुम्ही टायटल स्टॅकवर ठेवताय आणि समोरचा रजिस्टरमध्ये शोधतोय. त्याला मिळतो कचरा. त्यामुळे प्रत्येक सहीसाठी वेगळा मेथड हँडल बनवा, पत्ता तोच, वर्णन वेगळं. पनामात हे छान जमतं, खरं सांगायचं तर जेएनआयपेक्षा छान.

एनएसरेक्ट परत देणाऱ्या मेथडला इंटेलवर _एसट्रेट शेपटीचं वेगळं फंक्शन लागतं, आर्म६४ वर ते फंक्शनच नाही. आर्किटेक्चर बघून निवडा.

आणि जावा सुरू करताना एक्सस्टार्टऑनफर्स्टथ्रेड द्यायला विसरू नका, कोकोला पहिलाच थ्रेड लागतो, जावाचा मेन तिथं नसतो. विसरलात तर खिडकी येणार नाही आणि का येत नाही तेही कुणी सांगणार नाही. माझा एक शनिवार गेलाय त्यात.

पण मूळ प्रश्न, मॅकवाली गिऱ्हाइकं किती आहेत तुमची?

खिडकीवाला

दोन. दोघंही सीए.

मॅकवाली

मग त्यांना स्विंगवरच राहू द्या की! 😄

वेलांटी

कुणी मराठीचं बोललंच नाही म्हणून मी बोलते. तुमचे सगळे स्क्रीन मराठीत आहेत म्हणताय, मग नेटिव्ह थरात सगळ्यात जास्त बग कुठं येतील सांगू? कर्सर कितव्या अक्षरावर आहे या आकड्यात.

क्षत्रिय हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीन, क्ष, त्रि, य. युनिकोडमध्ये कोडपॉइंट आठ. जावाच्या स्ट्रिंगची लांबी पण आठ, कारण जावा यूटीएफ-१६ मोजतं आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तिथं एक युनिट. यूटीएफ-८ मध्ये मात्र चोवीस बाइट. आता विन३२ चा एडिट कंट्रोल सिलेक्शन यूटीएफ-१६ युनिटमध्ये बोलतो, कोकोची एनएसरेंज पण त्यातच, त्यामुळे तिथं जावाशी आकडे जुळतात आणि तुम्ही निवांत होता. मग जीटीकेवर जाता. जीटीके मजकूर यूटीएफ-८ मध्ये मागतो, कर्सरची जागा कोडपॉइंटमध्ये सांगतो, आणि त्याच्याखालचा, मजकूर मांडणारा पँगो बाइटमध्ये बोलतो. एकाच विजेटभोवती दोन मोजमापं. कोडपॉइंटवालं मराठीपुरतं जावाशी जुळतंच, म्हणून टेस्टमध्ये सगळं हिरवं, आणि मग कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात इमोजी टाकतो, जावात तो दोन युनिट आणि जीटीकेला एक, तिथून पुढं कर्सर एक घर सरकलेला.

म्हणून रूपांतर एकाच ठिकाणी करा, आणि ते विजेटच्या कोडमध्ये नको, थराला लागूनच. विन३२ ला स्ट्रिंग देताना शेवटचं शून्य दोन बाइटचं असतं हेही लक्षात असू द्या, पनामाच्या स्ट्रिंग मेथडला चारसेट सांगितला नाही तर ती यूटीएफ-८ धरते आणि टायटलबारमध्ये चिनी दिसायला लागतं.

एक बरं आहे. खरे कंट्रोल वापरताय म्हणजे जोडाक्षरं जोडणं, बॅकस्पेसला काय पुसायचं, फोनेटिक कीबोर्डची अर्धवट टाइप झालेली अक्षरं दाखवणं, हे सगळं ओएस बघतं. स्विंगमध्ये जावा ९ पासून अक्षरं जोडणारं हार्फबझ आलं त्यामुळे दिसायला अक्षरं बरी दिसतात, पण टाइप करण्याचं दुखणं वेगळंच असतं. तेव्हा टेक्स्टबॉक्स स्वतः रंगवायच्या फंदात पडू नका, कितीही छान डिझाइन असलं तरी.

खिडकीवाला

तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगून टाकतो, नाहीतर असे धागे अर्ध्यावरच मरतात.

पीअर उशिरा बनवायचं काम आधी केलं, आठवडा त्यातच गेला. चारशेपैकी अकरा स्क्रीन मोडले, सगळे असे की कंट्रोल खिडकीत टाकायच्या आधीच त्याची रुंदी विचारत होते. पीअरच नाही तर रुंदी कुठली.

मग विंडोजसाठी पनामा घेतलं, जावा २५, आणि लिनक्सला जुनं_खोड म्हणाले तसं खाली एसडब्ल्यूटी बसवलं, नऊच संस्था लिनक्सवर आहेत, त्यांच्यासाठी जीटीके स्वतः बांधायची हिंमत नाही. मॅक स्विंगवरच. म्हणजे एका तोंडामागे तीन पोटं झाली, बघायला विचित्र वाटतं पण वरच्या स्क्रीनना काही कळत नाही.

एका क्रॅशने तीन दिवस खाल्ले. मी प्रत्येक कंट्रोलला वेगळा अपकॉल स्टब दिला होता आणि त्या कंट्रोलची अरेना (एकदम मोकळी करता येणारा मेमरीचा गठ्ठा) वेगळी, नीटनेटकं वाटत होतं. विंडो नष्ट होताना शेवटचा मेसेज येतो एनसीडिस्ट्रॉय, तो आला की अरेना बंद करायची, मेमरी मोकळी. कुठलाही डायलॉग बंद केला की जेव्हीएम खलास, कधी लगेच, कधी चौथ्या डायलॉगला. शेवटी ट्यूब पेटली की तो मेसेज ज्या स्टबमधून आलाय तोच स्टब मी आतून मोडतोय, म्हणजे बसलेली फांदी तोडली आणि मग खाली का पडलो ते लॉगमध्ये शोधत बसलो. आता अख्ख्या ॲपला एकच विंडो प्रोसिजर, ग्लोबल अरेनात, कधीच न मरणारी, आणि हँडलवरून ऑब्जेक्ट शोधायला एक मॅप. नंतर बघितलं तर एसडब्ल्यूटीच्या डिस्प्ले क्लासमध्ये पहिल्यापासून असंच आहे. आधी वाचायला हवं होतं.

टेबल ओनरडेटावर आहे. सेलचा मजकूर लिस्टव्ह्यूनेच दिलेल्या बफरमध्ये लिहितो, स्वतःचा पॉइंटर देत नाही. लांब नावं कापली जातात त्यात, पण स्क्रीनवर तेवढी जागा तशीही नसते.

परवा त्या पतसंस्थेत नवीन बिल्ड टाकला. कारकून काकांनी हेडफोन लावून बाणाच्या बटणाने दहा-बारा ओळी खाली-वर केल्या, नाव आणि शिल्लक दोन्ही बोलतंय म्हणाले, पण नाव आधी आणि खातेक्रमांक नंतर हवा, उलटं आहे. कॉलमचा क्रम बदलून दिला.

@वेलांटी, तुमचं ते चिनी टायटल पहिल्याच दिवशी दिसलं मला.

वेलांटी

सगळ्यांना दिसतं 😀